वैनगंगा न ओलांडता

चंद्रपूर ते गडचिरोली हा दोन तासांचा रस्ता. सकाळी चहा पिऊन निघावं, मूलच्या स्टँडवर पोहे खावेत, सावली गाव मागे टाकावं, वैनगंगेचा पूल संपला की गडचिरोली आलीच. काम उरकून दिवेलागणीच्या आत माणूस आपल्या घरी. लोक रोज जातात-येतात. कोर्टाच्या तारखेला जातात, मातीला जातात, नुसती मुलगी बघून नाक मुरडायलाही जातात. आमच्या घरानं मात्र या रस्त्याचा इतका विचार केला, इतका विचार केला, की विचार संपेपर्यंत माझ्या लेकीला आठवा महिना लागला.

लेक एकुलती एक. गडचिरोलीला दिलेली. जावई एटापल्लीकडे नोकरीला, रविवारी घरी येतो, कधी तेही जमत नाही. एरवी घरात सासू आणि सून, दोघीच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सातव्या महिन्यात जायचं, ओटी भरायची आणि मुलीला घेऊन यायचं. मी मागच्या खोलीला रंग मारून घेतला होता. बाज आणली होती. शेकायला कोळसा भरून ठेवला होता, डिंक आणि अळीव डब्यात भरले होते. एकदा लेक फोनवर म्हणाली, "आई, मले भेव वाटते." एवढंच म्हणाली. मागे बांगड्यांचा आवाज आला आणि ती एकदम उन्हाबद्दल बोलायला लागली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. तिची वेळ येईल तेव्हा तिच्या उशाशी मी पाहिजे. ती बाई नको.

ती बाई म्हणजे माझी विहीण. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही आणि तिलाही मी आवडले नाही, त्यामुळे आमचा हिशेब चोख होता. लग्नाच्या पंगतीत तिनं वरणात पळी फिरवून "पातळ झालं थोडंसं" असं म्हटलं, ते साऱ्या मांडवानं ऐकलं. आवाज इतका गोड की समोरच्याला आपला अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळावं. मला तिथल्या तिथे कळला.

गाडी आमच्याकडे नाही. गाडी दिराची. माझा दीर हा माणूस दुसऱ्याला मदत करतो तेव्हा समोरच्याला पश्चात्ताप होईल अशी करतो. "वहिनी, गाडी घरचीच हाय, चिंता करू नका," असं म्हणून त्यानं मोबाईलवर एक ग्रूप काढला. नाव ठेवलं 'गडचिरोली दौरा'. त्यात तो, माझा नवरा आणि मी. तिघं एकाच गल्लीत राहतो. रोज सकाळी त्यावर सूचना यायच्या. गाडीत कांदाभजी खायची नाही. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. एसी मूलपर्यंत बंद राहील. परतीच्या वेळी चार वाजता गडचिरोली सोडायची, कारण मूलच्या अलीकडच्या जंगलात सांज झाली की वाघ रोडवर येऊन बसते.

मी म्हटलं, "भाऊजी, मले लेक आणाची हाय. बद्रीनाथले नाई जाचं."

"प्लॅनिंग नसलं का माणूस फसते, वहिनी."

मग रस्त्यांवर काथ्याकूट. मूल-सावलीवरून सरळ रस्ता आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण दिराला सरळ रस्त्यात राम वाटत नव्हता. आष्टीकडून गेलं तर? तिकडे लोहखनिजाचे ट्रक, रस्त्याची चाळणी झालेली, तोंडावर लाल धूळ. ते रद्द करायला एक संध्याकाळ गेली. मग त्यानं ब्रह्मपुरीकडून जाण्याचं काढलं. ब्रह्मपुरी म्हणजे उलट्या दिशेनं लांबचा वळसा. कशाला, तर तिथं त्याच्या ओळखीच्या माणसाकडे तांदूळ चांगला मिळतो आणि गाडी चाललीच आहे तर दोन कट्टे टाकून आणता येतील.

"कट्टे कुठी ठेवाल?" मी विचारलं.

"मागच्या सीटवर."

"अन् पोरगी?"

त्याच्या प्लॅनमध्ये वाघाला जागा होती, तांदळाला होती, पोरीला नव्हती. मला असा संताप आला की मी ताट आपटून उठले. नवरा म्हणाला, "शांत राय न." मला शांत राहायला सांगणारा माणूस मला त्या क्षणी त्याच्या भावापेक्षाही जास्त खुपला. पहिला रविवार या तांदळावर गेला.

दुसरा रविवार नवऱ्यानं घालवला. नवरा सरळ माणूस आहे असं लोक म्हणतात. मी इतकी वर्षं संसार केलाय, मी त्याला बुळा म्हणते. मुलाकडच्यांशी बोलताना त्याची कंबर फोनवरही वाकते. त्यानं विहिणीला फोन लावला आणि "आमी रविवारी येऊन राह्यलो" असं सांगायचं सोडून विचारलं, "तुमाले कोणता दिवस सोयीचा पडन?" झालं. आपल्याच हातानं कुलूप लावून किल्ली तिच्या पदराला बांधली.

"या न, या," विहीण म्हणाली. स्पीकर सुरू होता, मी ऐकत होते. "तुमचीच लेक हाय. पण रविवारी अमावास्या हाय न भाऊ. पोटुशीले अमावास्येच्या दिवशी उंबऱ्याबाहेर काढत असते काय, तुमीच सांगा."

"बरोबर हाय, बरोबर हाय," नवरा म्हणाला आणि मान हलवत राहिला, जसं काही ती त्याला बघत होती.

नंतर दिराला सुटी मिळाली ती बुधवारची. बुधवारी सून माहेरी पाठवायची त्यांच्या घरची रीत नाही. पुढे गाडीचं टायर. पुढे दिराच्या साडूचं काहीतरी. प्रत्येक वेळी ग्रूपवर नवं वेळापत्रक. प्रत्येक वेळी मी लेकीला फोन करायची, ती "हाव आई, बरं आई" एवढंच म्हणायची, आणि तिच्या प्रत्येक "बरं"मागे ती बाई बसलेली मला दिसायची.

शेवटी दिराची तारीख, गाडी, टायर, सगळं एका रेषेत आलं. नवऱ्यानं पुन्हा फोन लावला. या वेळी मी त्याच्या शेजारी उभी राहिले, विचारायचं नाही, सांगायचं, असं बजावून. त्यानं सांगितलं.

"आता कसं जमन भाऊ," विहीण म्हणाली. "आठवा लागला न तिले. आठव्यात पोटुशी बाई वैनगंगा ओलांडत नाई. माह्या सासूनं नाई ओलांडली, मी नाई ओलांडली."

मी फोन हिसकावला. "डॉक्टर सातवाच म्हणते, ईनबाई."

"डॉक्टरले वैनगंगा मालूम हाय काय, ईनबाई?"

राग कशाचा आला ते सांगते. नियम तिनं मनानं बनवला असता तर मी तिच्या घरी जाऊन तिचं तोंड बंद केलं असतं. पण नियम खरा होता. आठव्यात बाईला हलवत नाहीत, भरल्या पोटी नदी ओलांडू देत नाहीत, हे माझी आई पाळायची, मीही पाळलं. आठवा अवघड, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत. मी हसून ते उडवून लावू शकत नव्हते आणि विहिणीला ते पक्कं माहीत होतं. तिनं अमावास्या, बुधवार असं करत करत आम्हाला बरोबर या काठावर आणून सोडलं होतं.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात झालं नसतं. दीर आला. सगळं ऐकलं. पायावर पाय टाकून बसला आणि म्हणाला, "म्हणजे अडचण फक्त नदीची हाय. मंग वैनगंगा न ओलांडता रस्ता काढू."

आणि आम्ही तिघं शहाणी माणसं मोबाईलवरच्या नकाशात डोकं घालून बसलो. मीसुद्धा. दीर दोन बोटांनी नकाशा मोठा करायचा, नवरा चष्मा पुसायचा. व्याहाडजवळचा पूल, तिथे नदी. आष्टीला पूल, नदी. आरमोरी-ब्रह्मपुरीच्या मधात पूल, नदी. ती बया सगळीकडे आडवी. गडचिरोली तिच्या त्या काठाला, चंद्रपूर या काठाला, दुसरं काही नाही.

"खालून गेलो तर?" नवरा म्हणाला.

"खाली थे वर्धेले मिळते, प्राणहिता होते. मंग गोदावरी. मंग समुद्र."

"म्हणजे खालून नाई जमत," नवरा अगदी गंभीरपणे म्हणाला.

दिरानं नकाशा वर सरकवला. भंडारा गेलं, बालाघाट गेलं, मध्य प्रदेशात कुठे तरी शिवनीपर्यंत त्याचं बोट पोचलं. त्याचा चेहरा उजळला. "हे पाहा. इथी उगम हाय. उगमाच्या वरतून वळसा मारला का नदी ओलांडाचं कामच नाई."

"किती लांब हाय थे?"

"मधात एकदोन मुक्काम करावे लागतीन."

"पोटुशी पोरगी मध्य प्रदेशात फिरवता काय?" मी ओरडले. "अन् मधातल्या बाकीच्या नद्या? त्या का कोरड्या हायत?"

दीर विचारात पडला. नवरा म्हणाला, "लहान नद्या चालत असतीन. ईनबाईले विचारून पाहू का?" आणि त्यानं खरंच फोनकडे हात नेला.

मी फोन उचलून डाळीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. म्हटलं, उद्या सकाळी निघायचं. सरळ रस्त्यानं. कुणाला फोन करायचा नाही. जो फोन करेल त्यानं गडचिरोलीलाच राहायचं. नदीची ओटी मी भरीन, नदीला काय सांगायचं ते मी सांगीन. रात्रीच मी खण, नारळ, हळदकुंकू पिशवीत भरलं, मागच्या सीटवर टाकायला गादी गुंडाळून ठेवली. दिरानं प्लॅस्टिकचा विषय काढला नाही. माझं तोंड पाहून त्याची हिंमत झाली नसावी.

निघालो. एसी पहिल्या मिनिटापासून सुरू करायला लावला. दीर अॅव्हरेजबद्दल बोलत होता, मी उत्तर देत नव्हते. जंगलात पळस पेटला होता, वाघाच्या पाट्या एकामागून एक येत होत्या आणि वाघ कुठेच नव्हता. मूलला नवऱ्याला पोहे हवे होते. मी थांबू दिलं नाही. सावलीकडे धानाच्या बांध्यांत लाखोळीचं पीक वाळून आलं होतं, बाया वाकून उपटत होत्या. एरवी मला तो भाग आवडतो. त्या दिवशी मला काहीच आवडत नव्हतं, रस्ता नाही, ऊन नाही, पुढच्या सीटवर बसलेली दोन डोकी तर मुळीच नाही.

पुलावर मी गाडी थांबवायला सांगितली. दीर म्हणाला, पुलावर थांबवत नसते. मी दार उघडायला लागले, मग थांबवली. खाली नदी कसली, वाळूच वाळू, मधून पाण्याचे दोन ओघ. वाळूत मासेमार ढिवरांच्या टरबूज-डांगराच्या वाड्या लागल्या होत्या. एक बाई वेलांना पाणी घालत होती. तिचं पोट चांगलं पुढे आलेलं, कमरेवर हात ठेवून ती जरा सरळ व्हायची आणि पुन्हा घागर घ्यायची. भर नदीच्या मधात उभी. एवढ्याशा पाण्यासाठी माझी लेक अडवली, या विचारानं मला त्या नदीचाही राग आला. ओटीचं सगळं खाली सोडलं. नारळ नवऱ्यानं फेकला, तोही पाण्यात न पडता वाळूत पडला.

"चालते," दीर म्हणाला. "नदीतच हाय थे."

विहीण दारातच उभी होती. पदर सावरला आणि गोड हसली. "सांगतलं असतं तं काई गोडधोड केलं असतं ईनबाई."

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. म्हणून मी घरून डबा आणि पाण्याची बाटली नेली होती. मी आणि नवरा पडवीत बसलो. दिरानं काकाला हा नियम लागत नाही असं स्वतःच ठरवलं आणि पाटावर जाऊन बसला. लेक आतून आली. पायाला सूज, डोळ्यांखाली काळं, आणि मला बघून तोंडभर हसली. मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि त्या बाईसमोर मला रडायचं नव्हतं.

"लेकीले न्यायले आली मी," मी म्हटलं.

"मी नाई म्हणलं होतं न."

"नदीची ओटी भरून आली."

"येताना भरली तुमी," विहीण म्हणाली. आता आवाजात गोडवा नव्हता. "जाताना तिच्या पोटातल्याले काई झालं तं जिम्मेदार कोण? नदी? का तुमी?"

मी उभी राहिले. खूप बोलले. पातळ वरणापासून सुरुवात केली. अमावास्या काढली, बुधवार काढला. तुम्हाला माझी लेक नको, तुमच्या दारात लेकरू झालं एवढं मिरवायला पाहिजे, असंही म्हटलं. तीही मागे राहिली नाही. तुमच्या घरच्यांना एक दिवस ठरवता येत नाही, ते बाळंतपण काय करतील, असं ती म्हणाली. ते दिराकडे बघत म्हणाली आणि त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला आणखी झोंबलं. नवरा बाटलीचं झाकण उघडत होता, लावत होता.

"आई, इकडे ये," लेकीनं हाक मारली.

मागच्या अंगणात नेलं. न्हाणीच्या दगडावर बसली. मी म्हटलं, "कपडे भर. मी पाहतो, कशी अडवते थे."

"तू नेशीन मले," ती म्हणाली. "मालूम हाय मले. भांडून नेशीन."

"मंग चाल न."

"अन् लेकरू झालं का सव्वा महिन्यानं मले इथीच याचं हाय. रस्त्यात काई झालं तर जिंदगीभर माह्या नावानं बोलतीन. नाई झालं तरी बोलतीन. तू जितून घरी जाशीन आई. ह्या बाईसोबत मले राहाचं हाय."

इतक्या दिवसांचा राग कुणावर काढावा ते कळेना. सूज आलेल्या पायांकडे बघत मी विचारलं, "मंग काय, जाऊ मी?"

तिनं माझा हात धरला. लहानपणी ताप आला की धरायची तसा घट्ट. "जाऊ नको," ती म्हणाली. "मले नेऊ नको, अन् तू जाऊ नको. मले लय भेव वाटते आई."

मी आत गेले. दीर दुसऱ्यांदा भात घेत होता. मी त्याच्या शेजारचा पाट ओढला आणि बसले. ताट पुढ्यात घेतलं.

"ईनबाई, मले वाढा."

नवऱ्याच्या हातातलं झाकण खाली पडलं. दिराचा घास हातातच राहिला. विहीण पातेल्याजवळ उभी होती, ती माझ्याकडे बघत राहिली.

"लेकीच्या घरी?" ती म्हणाली. "लेकरू झाल्याबिगर?"

"लेकरू होईपर्यंत मी इथीच हाओ," मी म्हटलं. "तोपर्यंत उपाशी ठेवता काय मले?"

तिनं मागच्या दाराकडे बघितलं. दारात लेक उभी होती. विहिणीनं ओठ आवळले, वाकून भात वाढला. हात आखडता घेऊन वाढला, एवढासा. वर चमचाभर वरण.

"अजून," मी म्हटलं.